दोनशे शहाण्णव मते आणि एक कॅमेरा

२५ सप्टेंबर २०१४ या एकाच दिवशी महाराष्ट्रातली शिवसेना-भाजप युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही फुटली. विधानसभेचे अर्ज भरायला जेमतेम दोन दिवस उरले होते. राज्यभर चारही पक्षांची उमेदवार शोधायची, एबी फॉर्म पोहोचवायची धावपळ उडाली. २७ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता अर्ज घेणे बंद होणार होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३३ मध्ये ही वेळ लिहिलेली आहे: सकाळी अकरा ते दुपारी तीन. तीन वाजता जे आत हजर असतात त्यांना टोकन देऊन त्यांचे अर्ज नंतर घेतले जातात, पण हजर कोण होते आणि अर्ज कोणी कधी हातात दिला, हा प्रश्न त्या दिवशी फारसा कोणी विचारत नाही. जालन्यात तो विचारला गेला आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

जालना विधानसभा मतदारसंघात १५ ऑक्टोबरला मतदान झाले आणि १९ ऑक्टोबरला निकाल लागला. शिवसेनेचे अर्जुन पंडितराव खोतकर यांना ४५,०७८ मते पडली, तर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२. फरक २९६ मतांचा. एका मतदान केंद्राच्या यादीतही याहून कितीतरी जास्त नावे असतात. एवढ्या थोड्या मतांनी हरलेला उमेदवार सहसा फेरमोजणी मागतो, यंत्रांवर शंका घेतो. इथे वाद मतमोजणीच्या टेबलापर्यंत पोहोचलाच नाही. खोतकरांचे अर्ज तीन वाजेच्या आत दाखलच झाले नव्हते, ते स्वीकारणे बेकायदा होते, असे म्हणणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखल झाली. याचिका दोन होत्या. एक गोरंट्याल यांची, तर दुसरी मतदारसंघातल्या एका साध्या मतदाराची.

ही दुसरी याचिका लक्षात ठेवण्यासारखी आहे. कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिका करण्याचा अधिकार उमेदवाराला आहे तसाच त्या मतदारसंघातल्या कोणत्याही मतदारालाही आहे. निकालापासून ४५ दिवसांची मुदत आणि खर्चाच्या हमीपोटी दोन हजार रुपये अनामत, एवढ्या अटी पाळल्या की गल्लीतला माणूस आमदाराच्या निवडीला आव्हान देऊ शकतो. वकिलाचा खर्च अर्थात वेगळा.

कॅमेऱ्याने पाहिले ते

निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ चित्रीकरण चालू होते. उच्च न्यायालयाने ते चित्रीकरण आणि निवडणुकीचे सगळे दप्तर मागवून घेतले. सीडी न्यायालयात पाहिल्या गेल्या, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची उलटतपासणी झाली. २४ नोव्हेंबर २०१७ रोजी खंडपीठाने निकाल दिला: अर्ज मुदतीत दाखल झालेले नाहीत, सबब निवड रद्द.

इथे २९६ हा आकडा कायद्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा ठरतो. पडलेल्या उमेदवाराचा अर्ज चुकून स्वीकारला गेला असेल तर त्यामुळे निकालावर परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते. पण निवडून आलेल्याचाच अर्ज बेकायदा स्वीकारला असेल तर वेगळा हिशेब मांडावा लागत नाही, कारण तो माणूस रिंगणातच नसायला हवा होता. फरक २९ हजारांचा असता तरी निकाल हाच लागला असता.

अडचण दुसरीच होती. सीडी ही मूळ चित्रीकरणाची प्रत. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली याचे जबाबदार व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. याचिकाकर्त्यांनी अधिकाऱ्यांकडे ते मागितले होते, पण मिळाले नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांनी साक्षीत दिलेली उत्तरे पुरेशी मानली. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला तो हा: प्रमाणपत्राशिवाय कॅमेऱ्याची साक्ष ग्राह्य धरायची का?

१४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने उत्तर दिले. प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या ताब्यात नोंद आहे तो प्रमाणपत्र देतच नसेल, पक्षकाराने आपल्या हातात होते ते सगळे केले असेल, तर अशक्य गोष्ट कायदा त्याच्यावर लादत नाही. जालन्याच्या याचिकाकर्त्यांना हा शेवटचा नियम लागू पडला. शिवाय इतर पुरावाही होताच. खोतकरांचे अपील फेटाळले गेले.

आज देशातल्या कुठल्याही न्यायालयात मोबाइलचे चित्रीकरण, व्हॉट्सअॅपचा संवाद, सीसीटीव्हीचे फुटेज पुरावा म्हणून मांडताना वकील ज्या निकालाचा हवाला देतात तो हा, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. पूर्वीच्या निकालांतला गोंधळ त्याने मिटवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे. त्याचा नमुना आता कायद्याच्या परिशिष्टातच दिलेला आहे आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यात फेरफार झाला की लगेच उघड करणारा आकडा, त्यात लिहावा लागतो.

मात्र सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा ती विधानसभा उरलेलीच नव्हती. उच्च न्यायालयाच्या आदेशाला डिसेंबर २०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली होती. खोतकरांची आमदारकी टिकली, राज्यमंत्रिपदही टिकले. २०१९ मध्ये नवी निवडणूक झाली आणि तीत गोरंट्याल निवडून आले. २०१४ ची निवड रद्द होती यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले ते मतमोजणीनंतर पावणेसहा वर्षांनी. मतदारांनी पुढे आपल्या मनाने काय ते ठरवले. २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा खोतकरांनाच निवडून दिले.

पाहणारे कोण कोण असतात

निवडणुकीवर नजर ठेवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. पहिले म्हणजे आयोगाचे निरीक्षक. परराज्यातून आलेले वरिष्ठ सनदी अधिकारी सामान्य निरीक्षक असतात, महसूल सेवेतले खर्च निरीक्षक, पोलीस सेवेतले पोलीस निरीक्षक. कलम २०-ब ने १९९६ पासून त्यांना कायद्याचे बळ दिले. मतदान केंद्र बळकावले गेले तर निरीक्षक मतमोजणी थांबवायला, निकाल रोखायला सांगू शकतो. हे निरीक्षक उपयोगी आहेत, पण स्वतंत्र म्हणता येणार नाहीत. निवडणूक घेणाऱ्याच संस्थेने त्यांना नेमलेले असते आणि त्यांचा अहवाल त्याच संस्थेकडे जातो.

दुसरे, उमेदवारांचे प्रतिनिधी. मतदानाच्या सकाळी त्यांच्यासमोर यंत्रावर किमान पन्नास मतांचे चाचणी मतदान होते. यंत्राचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळतात का ते पाहून यंत्र रिकामे केले जाते आणि मग खरे मतदान सुरू होते. बोगस मतदाराचा संशय आला तर प्रतिनिधी दोन रुपये भरून त्याच्या ओळखीला आक्षेप घेऊ शकतो. संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतात: यंत्रात एकूण किती मते नोंदली गेली, यंत्राचा क्रमांक काय, मोहोर कोणती. त्याची सही केलेली प्रत प्रतिनिधीला मिळते. मतमोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा या कागदाशी ताडून पाहता येतो. यंत्रांवर रोज वाद घालणाऱ्या पक्षांपैकी किती जण प्रत्येक केंद्रावरून हा कागद गोळा करतात, हे कार्यकर्त्यांना विचारून पाहावे. मोठ्या पक्षांकडे माणसे असतात. अपक्षाकडे आणि लहान पक्षाकडे निम्म्या केंद्रांवरही बसायला माणूस नसतो.

तिसरे, ज्यांना कोणी जिंकल्या-हरल्याने फरक पडत नाही असे नागरिक. आपल्या कायद्यात त्यांना नावाने जागा नाही. फिलिपिन्समध्ये १९८३ साली नामफ्रेल ही नागरिकांची संघटना उभी राहिली. ७ फेब्रुवारी १९८६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिच्या लाखो स्वयंसेवकांनी केंद्राकेंद्रावरचे आकडे टिपून समांतर बेरीज केली. ती सरकारी बेरजेशी जुळेना. दोनच दिवसांनी सरकारी आयोगाच्या गणकयंत्रांवर बसलेले तीसेक कर्मचारी, आकडे फिरवले जात आहेत असे सांगत उठून बाहेर पडले. महिना संपण्याआधी फर्डिनांड मार्कोस यांना देश सोडावा लागला. २००५ साली संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय निरीक्षणाची तत्त्वे जाहीर झाली, त्यांचा गाभाही हाच: निरीक्षकाने निष्पक्ष राहावे, हस्तक्षेप करू नये आणि पाहिलेले जाहीर करावे. आपल्याकडे परदेशी पाहुणे येतात, पण आयोगाचे निमंत्रित म्हणून. मतदान केंद्रे पाहतात, कौतुक करतात आणि परत जातात.

दाराबाहेरून केलेले निरीक्षण

आत जागा नाही म्हणून आपले नागरिक गप्प राहिले नाहीत. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे. १९७५ च्या अहवालात या समितीने मतदानाचे वय अठरा करावे असे सुचवले; ते १९८९ मध्ये झाले. निवडणूक आयुक्तांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने करावी, ही शिफारसही तिचीच. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, संसद कायदा करीपर्यंत हीच रचना ठेवावी असा निर्णय दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी एका केंद्रीय मंत्र्याला बसवले. तीन जणांत दोन सरकारचे, म्हणजे तारकुंड्यांनी जे टाळायला सांगितले होते तेच कायद्यात आले.

१९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली. तिच्या याचिकेवर २ मे २००२ रोजी निकाल आला आणि उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्हेगारी खटले मतदाराला कळू लागले. आज वर्तमानपत्रांत कोणत्या उमेदवाराची संपत्ती किती पटींनी वाढली याच्या बातम्या येतात, त्या या निकालामुळे.

मराठवाड्यातच एक पत्रकारी उदाहरण आहे. २००९ च्या विधानसभेत नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून अशोक चव्हाण निवडून आले. त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत पानेच्या पाने मजकूर येऊन गेला होता, तर खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पाने समोर ठेवून 'पेड न्यूज'चा प्रश्न देशासमोर मांडला. खर्चाच्या हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. आयोगाने चव्हाणांवर ठपका ठेवला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो आदेश रद्द केला. इथेही पाच वर्षे गेली.

याउलट वेगाने काय होऊ शकते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याच्या ध्वनिचित्रफिती पसरल्या. उमराण्यातली बोली दोन कोटींवर गेली होती. राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी अहवाल मागवले, कागदपत्रे आणि चित्रफिती तपासल्या आणि मतदानाला दोन दिवस असताना दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. कोणीतरी खिशातला मोबाइल काढून चित्रीकरण केले आणि ते पाहणाऱ्या अधिकाऱ्याने लगेच निर्णय घेतला. जालन्याच्या आणि उमराण्याच्या चित्रफितीत फरक निर्णयाला लागलेल्या वेळेचा आहे. मतदानाआधी आयोगाला थेट निर्णय घेता येतो. निकालानंतर न्यायालयाशिवाय मार्ग नाही, हे खरेच. पण म्हणून तो मार्ग पावणेसहा वर्षांचा असायला हवा असे नाही.

काय बदलायला हवे

पहिली गरज आहे मुदतीची. कलम ८६ म्हणते, निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. जालन्यात उच्च न्यायालयालाच तीन वर्षे लागली, पुढे सर्वोच्च न्यायालयात अडीच. 'प्रयत्न व्हावा' या शब्दांवर कोणाला जाब विचारता येत नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात उच्च न्यायालयांत खास निवडणूक पीठे नेमावीत आणि सुनावणी रोजच्या रोज चालवावी, असे सुचवले आहे. ही शिफारस धूळ खात पडली आहे. तिच्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही.

दुसरी गरज चित्रीकरणाची. जालन्याचा पुरावा उभा राहिला कारण चित्रीकरण जपलेले होते. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतल्या नियम ९३ मध्ये बदल करून सर्वसामान्यांना पाहता येणारी कागदपत्रे नियमांत उल्लेख असलेल्यांपुरती मर्यादित केली गेली. सीसीटीव्ही फुटेज त्यातून बाहेर पडले. ३० मे २०२५ च्या सूचनेनुसार याचिका दाखल झाली नाही तर फुटेज ४५ दिवसांनंतर नष्ट करता येते. पूर्वी टप्प्यानुसार ते तीन महिने ते एक वर्ष ठेवले जाई. आयोगाचे म्हणणे असे की मतदारांची ओळख उघड होते आणि चित्रफितींची मोडतोड करून अपप्रचार होतो. ही भीती खोटी नाही. पण कलम ८३ प्रमाणे याचिकेत ठोस तथ्ये मांडावी लागतात, नुसता संशय चालत नाही. तथ्ये मांडायची तर आधी फुटेज पाहायला हवे, आणि ते पाहायला मिळाले नाही तर ४५ दिवसांत याचिका आणि पुरावा दोन्ही एकदमच संपतात.

उपाय अवघड नाही. मतदान केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या बाईचे चित्रीकरण आणि अर्ज घेणाऱ्या टेबलाचे चित्रीकरण यांना एकच नियम लावू नये. अर्ज भरणे, छाननी, स्ट्राँगरूम आणि मतमोजणी या चार ठिकाणी कोणाच्या मताची गुप्तता धोक्यात येत नाही. तिथले फुटेज निदान वर्षभर ठेवावे, मागेल त्या मतदाराला द्यावे आणि प्रत देतानाच अधिकाऱ्याने हॅशसह कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे. जालन्यात ज्या कागदासाठी याचिकाकर्ते हेलपाटे घालत राहिले तो दहा मिनिटांत निघू शकतो.

तिसरी गरज नागरिक निरीक्षकांची. निवडणूक संचालन नियम १९६१ चा नियम ४९-ड मतदान केंद्रात कोणाला प्रवेश द्यायचा ते सांगतो. मतदान कर्मचारी, उमेदवार, प्रतिनिधी, कडेवरचे मूल आणि 'आयोगाने अधिकृत केलेल्या व्यक्ती'. या शेवटच्या शब्दांत दार उघडे आहे. कुठल्याही पक्षाच्या नसलेल्या प्राध्यापकांना, निवृत्त शिक्षकांना, बचतगटाच्या महिलांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र देऊन आयोग उद्या बसवू शकतो. ते फक्त पाहतील, १७-क ची प्रत घेतील आणि अहवाल जाहीर करतील. त्याच रात्री प्रत्येक केंद्राचा १७-क संकेतस्थळावर टाकला तर समांतर बेरीज कोणालाही करता येईल.

लोकांना पाहायचे असते, याचा पुरावा डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने दिला. विधानसभेच्या निकालावर विश्वास न बसलेल्या गावकऱ्यांनी स्वतःच मतपत्रिका छापून पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. असे मतदान कायद्यात बसत नाही आणि त्यातून काही सिद्धही झाले नसते, कारण दुसऱ्यांदा मत देणारा पहिल्यासारखेच देईल याची खात्री कोण देणार? पण रीतसर पाहण्याची सोय नसली की लोक रीत सोडून पाहू लागतात, एवढे प्रशासनाने त्यातून शिकायला हरकत नव्हती.

यंत्र चांगले की मतपत्रिका, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. जालन्याचा खटला दाखवतो की गडबड यंत्राच्या कितीतरी आधी, अर्जाच्या टेबलावरही होऊ शकते, आणि ती पकडायला कागद, घड्याळ आणि कॅमेरा पुरतात. कमी पडतो तो वेळेत लागणारा निकाल. म्हणून पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वाचकांनी एवढेच विचारावे: निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याची सक्ती करणाऱ्या दुरुस्तीला तुमचा पक्ष सभागृहात पाठिंबा देणार का? उत्तर लेखी मागावे.